जुनी आरएक्स १०० शर्यतीला उभी करताना

यामाहा आरएक्स १०० ही एस्कॉर्ट्स कंपनीने १९८५ ते १९९६ या काळात भारतात बनवलेली टू-स्ट्रोक मोटरसायकल. सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि पिस्टनची धावही तेवढीच, म्हणून क्षमता भरते ९८ सीसी. शक्ती मिनिटाला ७,५०० फेऱ्यांवर ११ अश्वशक्ती. त्याच सुमारास आलेल्या हिरो होंडा सीडी १०० ची शक्ती सात-साडेसातच्या घरात होती. आरएक्सचे वजन शंभर किलोच्या आसपास, त्यामुळे हा फरक हँडल धरणाऱ्याला लगेच कळे. प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि उत्पादन थांबले. गाडीची मागणी मात्र थांबली नाही. जपानहून आलेल्या सुट्या भागांतून जुळवलेल्या सुरुवातीच्या गाड्या आज ‘जपान इंजिन’ या नावाने चढ्या भावात विकल्या जातात. शर्यतीसाठी या बिरुदाचा उपयोग थोडाच. तीसेक वर्षे चाललेल्या इंजिनाची अवस्था जन्मगावावरून नव्हे, मोजमापावरून ठरते.

हौशी स्पर्धकाला या गाडीवर दोन वाटा मोकळ्या असतात: मैदानात मातीचा माग आखून होणारी डर्ट ट्रॅक शर्यत, आणि सरळ रेषेतली ड्रॅग शर्यत. पुणे, नाशिक, कोल्हापूर भागात पहिलीचे वेड जुने. वर्ग क्षमतेप्रमाणे पडतात, टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक वेगळे धरले जातात. म्हणून पहिला खर्च करण्याआधी नियमावली वाचावी लागते. एक साधे उदाहरण: घासलेला सिलिंडर बोअर करून एक मिलिमीटर मोठा पिस्टन घातला की व्यास ५१ होतो आणि क्षमता १०२ सीसीवर जाते. मर्यादा १३० ची असेल तर चिंता नाही. काटेकोर १०० ची असेल तर गाडी तपासणीतच बाद.

काम सुरू होते क्रँकपासून. इंजिन उतरवून दोन्ही केस उघडल्यावर क्रँक प्रेसवर सोडवतात. नवा कनेक्टिंग रॉड, पिन आणि बेअरिंग घालून पुन्हा दाबतात. दाबून बसवलेला क्रँक सरळ असेलच असे नाही. तो आधारावर ठेवून डायल गेज लावतात आणि तांब्याच्या हातोड्याने ठोकत ठोकत काटा मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांत आणतात. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरसारख्या ठिकाणी असे काम करणारे हात अजून मिळतात. या कामात घासाघीस करून वाचवलेले पैसे पुढे दुप्पट जातात.

त्यानंतरचा भाग फारसा कुणी फोटोत दाखवत नाही, पण शर्यतीचा निकाल बहुधा तिथेच लागतो: क्रँककेसची हवाबंदी. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये खेचले जाते, तिथे दाबले जाते आणि मग सिलिंडरमध्ये चढते. क्रँकच्या दोन टोकांचे रबरी सील कडक झाले की हा पंप गळू लागतो. उजवीकडचे, क्लचच्या बाजूचे सील गेले तर गिअरचे तेल आत ओढले जाते आणि सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचे लोट निघतात. डावीकडचे, मॅग्नेटच्या बाजूचे गेले तर धूर नसतो, ठळक लक्षणही नसते. बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, पिस्टन तापतो आणि भर वेगात चिकटतो.

याची परीक्षा स्वस्त आहे. एक्झॉस्टचे आणि कार्ब्युरेटरचे तोंड रबरी बुचाने बंद करायचे, एका बुचातून नळी काढून हवा भरायची. दाब मोजायला रक्तदाबाच्या यंत्राची तबकडी चालते; तिच्यावरचे ३०० म्हणजे सुमारे ०.४ बार, आणि एवढाच दाब हवा असतो. काटा पाच-सहा मिनिटे जागचा हलता कामा नये. हलला तर साबणाचे पाणी लावून बुडबुडा कुठे येतो ते पाहायचे. जोडणीच्या सांध्यावर एकच बारीक बुडबुडा दिसला तरी केस पुन्हा उघडायची.

पोर्टिंगला, म्हणजे सिलिंडरमधल्या वायूच्या वाटा (पोर्ट) घासून बदलण्याला, मात्र वाजवीपेक्षा जास्त मान मिळतो. एक्झॉस्ट पोर्टची वरची कड एक मिलिमीटर वर घासली की पोर्ट उघडा राहण्याचा काळ क्रँकच्या सुमारे साडेचार अंशांनी वाढतो. वरच्या फेऱ्यांना शक्ती येते, खालची जाते. चार गिअरच्या या गाडीत खालची शक्ती गमावली की मातीच्या वळणातून बाहेर पडताना इंजिन गुदमरते. कड वर नेता येते, खाली आणता येत नाही; घासून बिघडलेला ब्लॉक भंगारात जातो. फेऱ्या वाढवण्याचीही किंमत असते. ७,५०० फेऱ्यांना पिस्टनची सरासरी गती सेकंदाला साडेबारा मीटर असते, १०,००० ला ती साडेसोळाच्या पुढे जाते.

खरा फायदा असतो तो सायलेन्सरच्या जागी येणाऱ्या एक्स्पान्शन चेंबरचा. एक्झॉस्ट उघडताच दाबाची लाट नळीतून निघते. रुंद होत जाणारा शंकू उलटी ओढ निर्माण करून जळका वायू खेचून घेतो. पुढचा निमुळता शंकू लाट परत फेकतो आणि पोर्टमधून निसटू पाहणारे ताजे मिश्रण ती आत ढकलते. लाट वेळेत परतायला हवी. पोर्ट १९० अंश उघडा असेल, तर १०,००० फेऱ्यांना हा काळ ३.२ मिलिसेकंदांचा. गरम वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला ५२० मीटर धरला तर लाट जाऊन-येऊन सुमारे १६५ सेंटिमीटर धावते, म्हणजे परतीचा शंकू पिस्टनपासून ८२ सेंटिमीटरच्या आसपास हवा. बाजारातला तयार चेंबर दुसऱ्याच पोर्टिंगसाठी बनवलेला असेल तर तो नुसता आवाज करतो.

चासीचे काम थोडक्यात आटपते. हेडलाइट, इंडिकेटर, स्टँड निघतात; हँडलला आडवी दांडी, मातीसाठी गोट्यांचे टायर आणि पुढच्या शॉकअपमध्ये जाड तेल येते. ड्रम ब्रेक तसेच राहतात. मागचे चेनसॉकेट (शब्द स्प्रॉकेट आहे, पण गॅरेजमध्ये तो कुणी उच्चारत नाही) दोन-तीन दात मोठे घेतले की मैदानाला पुरते. इंजिन तत्काळ बंद करणारे बटण आणि तेलाच्या बोल्टला बांधलेली तार तपासणीत पाहिली जाते. स्वारालाही एफएमएससीआय या देशातील नियामक संस्थेचा परवाना लागतो.

शेवटी जेटिंग, म्हणजे कार्ब्युरेटरच्या जेटचे माप ठरवणे. लिटरमागे ३० ते ४० मिलिलिटर तेल मिसळून मुद्दाम मोठ्या मेन जेटने सुरुवात करतात. पूर्ण थ्रॉटलला गाडी पळवून क्लच दाबत इंजिन बंद करायचे आणि प्लग काढून पाहायचा. चिनीमातीच्या बुडाशी तपकिरी कडे दिसले तर ठीक; काळे असेल तर जेट एक पायरी लहान. पांढऱ्या पृष्ठभागावर मिठाच्या कणांसारखे चमकते ठिपके दिसले, तर ते पिस्टनचे ॲल्युमिनियम असते आणि त्या दिवशी गाडी पुन्हा सुरू करायची नसते. प्रत्येक शर्यतीनंतर हेड आणि सिलिंडर उतरतात, पिस्टनवरची रिंग काढून सिलिंडरमध्ये सरकवून तिच्या टोकांमधली फट फीलर गेजने मोजली जाते, आणि आकडा वहीत मागच्या आकड्याखाली लिहिला जातो.