भरती पाहूनच वल्हं मारा

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात निस्क्वाली नदीच्या मुखाशी असलेलं खाजण शंभरेक वर्षं बांधाआड कोंडलं होतं. शेतीसाठी घातलेला तो बांध २००९ मध्ये काढला आणि ७६२ एकरांत खारं पाणी पुन्हा खेळू लागलं. तिथल्या नागमोडी फाट्यांत आता चिनूक सामनची पिल्लं समुद्रात जाण्याआधी चरून वाढतात. किती मोलाचं काम!

इथे कयाक लोटायची ती जवळच्या लुर बीचच्या उतारावरून, भरती चढत असताना. पाणीच आत नेतं, वल्ह्याला फारसा जोर लागत नाही. ओहोटीला मात्र तेच फाटे भराभर रिकामे होतात आणि उरतो पाय गिळणारा चिखल. होडी रुतली तर उतरून ढकलणंही धोक्याचं. पुढच्या भरतीची वाट पाहत तासन्‌तास अडकावं लागतं. म्हणून भरती टिपेला पोचताच माघारी वळावं.