जोडाच्या दोन तारा

तंबोरा मिळवताना शेवटचं काम मण्याचं असतं. खुंट्या पिळून जोडाच्या दोन्ही तारा षड्जाच्या अगदी जवळ आलेल्या असतात, पण अजून एक झालेल्या नसतात. दोन्ही पाठोपाठ छेडल्या की आवाज सरळ वाहत नाही. तो फुगतो, ओसरतो, पुन्हा फुगतो. मणी केसभर सरकवला की हे फुगणं-ओसरणं संथ होतं, आणखी सरकवला की थांबतं आणि दोन तारांची एक तार होते. तरंगांविषयी मूलभूत म्हणावं असं जवळजवळ सगळं या दोन मिनिटांत घडून जातं, म्हणून मला तरंग समजावून सांगायचे असले की मी तंबोराच पुढ्यात घेते.

तार छेडल्यावर नेमकं जातं काय? तारेचा एकही कण या टोकापासून त्या टोकापर्यंत जात नाही. प्रत्येक कण आपल्या जागी वर-खाली हलतो आणि शेजारच्या कणाला ओढतो. तो त्याच्या शेजारच्याला. धावते ती ही ओढ, म्हणजेच ऊर्जा. कणांचं हलणं तारेला आडवं आणि तरंगाचं जाणं तारेच्या दिशेनं, म्हणून हा अवतरंग. तार घोडीला हलवते, घोडी तबलीला आणि तबली समोरच्या हवेला. हवेचे कण मात्र तरंग ज्या दिशेनं जातो त्याच दिशेत मागे-पुढे होतात. कुठे ते दाटतात, कुठे विरळ होतात. हा अनुतरंग. भोपळ्याजवळची हवा आपल्या कानाशी कधीच येत नाही, तिचं दाटणं-विरळणं तेवढं येतं.

आता आकड्यांकडे वळू. षड्ज काळी एकचा धरला, तर जोडाची तार सेकंदाला सुमारे १३९ वेळा कंप पावते. ही तिची वारंवारता. तारेचा कंप पावणारा भाग एक मीटर लांब आहे असं समजू. तरंग दोन्ही बांधलेल्या टोकांवर आपटून परत फिरतो, जाणारा आणि येणारा एकमेकांत मिसळतात आणि तार मधोमध फुगलेली, टोकांना निश्चल अशी दिसू लागते. हा स्थिर तरंग. तारेत मावली ती अर्धी लाट, म्हणजे पूर्ण तरंगलांबी झाली दोन मीटर. सेकंदाला १३९ लाटा, प्रत्येक दोन मीटरची. म्हणजे तारेवर तरंग सेकंदाला २७८ मीटर धावतो. वेग म्हणजे वारंवारता गुणिले तरंगलांबी. सूत्र एवढंच आहे, पण त्यातल्या तिघांवर सत्ता कुणाची, हे पाहण्यात खरी गंमत आहे.

तोच षड्ज हवेत उतरला की काय होतं पाहा. २० अंश सेल्सिअसला हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. वारंवारता १३९च राहते, कारण तबली जितक्या वेळा ढकलेल तितक्याच वेळा हवा ढकलली जाणार. मधेच एखादी लाट जास्तीची येणार कुठून? मग बदलावं लागतं तरंगलांबीला. ती आता सुमारे अडीच मीटर. म्हणजे वारंवारता ठरवतो तरंग निर्माण करणारा, वेग ठरवतं माध्यम, आणि तरंगलांबीला त्या दोघांशी जुळवून घ्यावं लागतं. स्वर मात्र वारंवारतेशी बांधलेला असतो, म्हणून तारेवरचा षड्ज हवेतून येऊनही षड्जच राहतो.

तारेच्या बाबतीत माध्यम म्हणजे तिचा ताण आणि जाडी. ताण चौपट केला तर वेग दुप्पट होतो. खर्जाची तार जाड, वजनदार. तिच्यावरून तरंग निम्म्या वेगानं जातो आणि तितक्याच लांबीत स्वर एक सप्तक खाली येतो. जोरानं छेडलं तर वाढतो तो आयाम, म्हणजे हेलकाव्याचा विस्तार. आयाम दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, स्वर तोच राहतो. (फार ओढून सोडली तर तार ताणली जाऊन क्षणभर चढते, तंबोऱ्यावर बोट हलकं ठेवायला शिकवतात ते उगीच नाही.)

आता ते फुगणं-ओसरणं. एक तार १३९ची आणि दुसरी १४१ची आहे समजा. दोन तरंग एकाच जागी आले की त्यांची बेरीज होते. उंचवट्यावर उंचवटा आला की आवाज मोठा, उंचवट्यावर खळगा आला की मंद. दुसरी तार सेकंदाला दोन कंपनं पुढे पळते, म्हणून सेकंदात दोनदा आवाज फुगतो. हे विस्पंद. फरक एकावर आला की सेकंदाला एक, अर्ध्यावर आला की दोन सेकंदांत एक. नवख्या विद्यार्थ्याचा कान इतका सूक्ष्म फरक स्वर म्हणून ओळखू शकत नाही, पण विस्पंद त्यालाही मोजता येतात. म्हणून मी त्याला सांगते, स्वर शोधू नकोस, लाट थांबेपर्यंत मणी सरकव.

तार एकाच घडीनं हलत नाही. दोन, तीन, चार, पाच भागांतही ती एकाच वेळी कंप पावत असते. खर्जाची पाचपट वारंवारता म्हणजे गंधार. कुणी न छेडता ऐकू येणारा तो स्वयंभू गंधार हाच. खरं तर तार जिथे छेडावी, तिथे ज्यांचा निश्चल बिंदू असतो ते वरचे स्वर उमटायला नकोत. तंबोऱ्यात ते उमटतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली याचा अभ्यास मांडला आणि कारण जवारीत दाखवलं: घोडीच्या रुंद, किंचित वक्र पृष्ठभागाला तार घासत राहते आणि त्या चाळवण्यातून हे स्वर जागे होतात.

शेजारच्या खोलीत जाऊन ऐकलं तर या वरच्या स्वरांची झळाळी कमी झालेली असते, घुमारा तेवढा उरतो. अडीच मीटरची लाट मीटरभराच्या दारातून सहज वळते. २००० हर्ट्‌झचा वरचा स्वर जेमतेम १७ सेंटिमीटरचा, तो बराचसा सरळ निघून जातो. प्रकाशाची लाट मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान, म्हणून दाराआडचा तंबोरा ऐकू येतो, दिसत नाही.

बासरीच्या मैफलीत हे सगळं एकत्र भेटतं. सभागृह भरतं, दिवे तापतात. हवा १० अंशांनी तापली की तिच्यातला ध्वनीचा वेग सेकंदाला सहा मीटरनं वाढतो. बासरीची लांबी आहे तेवढीच, तरंगलांबी आहे तेवढीच, म्हणून वाढते ती वारंवारता: बासरी चढते. त्याच उष्णतेनं तंबोऱ्याची धातूची तार सैलावते, तिच्यावरचा तरंग मंदावतो: तंबोरा उतरतो. दोघांच्या मधोमध विस्पंद सुरू होतात, आणि मागे बसलेल्या शिष्येचा हात मण्याकडे जातो.