पोर्तुगीज क्रियापदांतील आघात

दरमहा घरोघरीं ज्याची वाट पाहिली जाते, तो ‘पगार’ हा शब्द पोर्तुगीज भाषेंतून आपल्याकडे आला. तेथें ‘पागार’ हें क्रियापद असून त्याचा अर्थ ‘पैसे देणें’ असा आहे; मराठींत येतांना त्याचें नाम झालें.

या क्रियापदाचीं रूपें चालवूं लागल्यास मराठी विद्यार्थ्यास एक विलक्षण अडचण येते. ‘त्यांनीं पैसे दिले’ हें सांगावयाचें असेल तर ‘पा-गा-रांव’ म्हणावें, आणि ‘ते पैसे देतील’ हें सांगावयाचें असेल तरीहि ‘पा-गा-रांव’च म्हणावें! भेद आहे तो आघाताचा. मधल्या ‘गा’वर जोर दिला कीं भूतकाळ, शेवटच्या ‘रांव’वर दिला कीं भविष्यकाळ. मजुरी चुकती झाली कीं अद्याप व्हावयाची आहे, हें ज्या जोरावर ठरतें, तो मजुरानें तरी नीट ऐकलाच पाहिजे. मराठींत जोर कोठेंहि दिला तरी क्रियापदाचा काळ बदलत नाहीं, म्हणून आपला कान या बाबतींत कांहींसा आळशी असतो. पोर्तुगालांत आघात सुटलेला स्वर दबतो, त्यामुळें भविष्यकाळांतील ‘गा’ थोडा ‘ग’कडे झुकतो, ही खूण उपयोगी पडते. ब्राझिलांत तीहि फारशी मिळत नाहीं. आज रोमन लिपींत हीं रूपें निरनिराळीं लिहितात. जुन्या ग्रंथांत मात्र दोहोंचा शेवट पुष्कळदा एकाच तऱ्हेनें लिहिलेला आढळतो.

आघातास नियम आहे. शब्दाच्या शेवटीं अ, ए किंवा ओ हा स्वर असल्यास तो बहुधा उपान्त्य अक्षरावर, आणि ‘र’ असल्यास अन्त्य अक्षरावर पडतो. ‘आम्ही देत असूं’ या अर्थाच्या ‘पा-गा-व-मुश’ या रूपांत तो शेवटून तिसऱ्या अक्षरावर आहे. अशा वेळीं त्या स्वरावर चिन्ह लिहावेंच लागतें.

येथें अक्षर म्हणजे एका दमांत उच्चारला जाणारा तुकडा. ‘बाहेर पडणें’ या अर्थाचें ‘सा-इर’ हें क्रियापद घ्या. ‘तो बाहेर पडतो’ याला ‘साय’ म्हणतात; हें एकच अक्षर. ‘मी बाहेर पडलों’ याला ‘सा-ई’; हीं दोन अक्षरें, जोर दुसऱ्यावर. लेखनांत फरक काय, तर शेवटच्या स्वरावर एक बारीकशी तिरपी रेघ. ती जोर दाखविते आणि जोडस्वर फोडून त्याचीं दोन अक्षरेंहि करिते. छापखान्यांत ती गळाली, कीं काल बाहेर पडलेला ‘मी’ नाहींसा होतो आणि त्याच्या जागीं आज बाहेर पडणारा ‘तो’ येऊन उभा राहतो!