सिनेमा चांगला असला की लोक आपोआप येतात?

पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत खिल्लार बैलांचा मोठा बाजार भरतो. बैल घेऊन आलेला माणूस रात्री घरी जात नाही, जनावरांपाशीच मुक्काम ठोकतो. भाकरी खाऊन झाली की पुढची सगळी रात्र मोकळी. तंबू थिएटरवाल्यांनी ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. म्हणून माण-खटाव आणि आटपाडी-खानापूरकडच्या यात्रांत तंबूतले खेळ अंधार पडला की सुरू व्हायचे आणि उत्तररात्रीपर्यंत चालायचे. तंबूच्या तोंडाशी एक जण माईक घेऊन बसायचा. हिरो कोण, हिरॉइन कोण, गाणी कुठली, मारामारी किती, तिकीट केवढ्याला, हे सगळं एका दमात सांगायचा. शेजारच्या तंबूत काय लागलंय यावरही त्याचा कान असायचा. गर्दी तिकडे वळतेय असं दिसलं की पुढच्या खेळाला सिनेमा बदलायचा, पाटी बदलायची आणि पुकारा नव्याने सुरू.

सिनेमाच्या मार्केटिंगचं सगळं मर्म या तंबूच्या दारात दिसतं. आपला प्रेक्षक कोण, तो मोकळा कधी असतो, त्याच्या खिशाला काय परवडतं आणि काय ऐकलं की त्याचा पाय आत वळतो, हे तिथल्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा महाराष्ट्रातल्या याच फिरत्या टॉकीजवरचा माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात गौरवला गेला. जगाने त्या तंबूंची दखल घेतली. आपल्याकडे मात्र मराठी सिनेमाच्या जाहिरातीविषयी काही समजुती अजून घट्ट आहेत आणि त्यांचा फटका चांगल्या सिनेमांना बसतो.

‘हे मल्टिप्लेक्स आल्यानंतरचं खूळ आहे’

सांगलीकरांना तरी हे पटायला नको. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हा पाठीशी चिंतामणराव पटवर्धनांचा राजाश्रय होता. १८५१ मध्ये चिंतामणराव गेले आणि तो आधार तुटला. मग भाव्यांनी मंडळी घेऊन गावं पालथी घातली आणि १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून प्रयोग केले. आश्रयदाता असतो तोवर एका माणसाला खूश ठेवलं की भागतं. तिकीट लावलं की अनोळखी माणसाला घरातून बाहेर काढावं लागतं. मराठी करमणुकीच्या धंद्यात ही गरज तेव्हाच आली, सिनेमा जन्मायच्या कितीतरी आधी.

फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची सुरतेतली हकिगत तर प्रसिद्धच आहे. १९१३ चा तो सिनेमा तिथे लागला तेव्हा पहिल्या दिवशी गल्ला जमला तीन रुपये, असं सांगतात. सिनेमाच्या तिकिटाहून कमी पैशांत लोकांना कितीतरी तास चालणारं नाटक बघायला मिळत होतं. मग एवढ्याशा खेळाला पैसे कशाला? फाळक्यांनी दर उतरवला नाही. त्यांनी जाहिरात बदलली: सत्तावन्न हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र आणि सगळं तीन आण्यांत. गल्ला तीनशेवर गेला म्हणतात. मी हा हिशेब पडताळून पाहिला. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात सोळा चौकटी बसतात. सत्तावन्न हजार चौकटींची फिल्म भरते साधारण साडेतीन हजार फूट, आणि ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबीही सुमारे ३,७०० फूटच होती. म्हणजे छायाचित्रांचा आकडा खरा होता. दोन मैल मात्र ताणलेले होते, फिल्म एक मैलसुद्धा भरत नव्हती. तरीही फाळक्यांनी प्रेक्षकाची खरी शंका ओळखली, पैसे वसूल होतील का ही, आणि नेमकं तिलाच उत्तर दिलं.

कोल्हापुरात बाबूराव पेंटर विसाच्या दशकाच्या सुरुवातीलाच सिनेमाची माहिती आणि फोटो असलेल्या पुस्तिका वाटत होते, पोस्टर स्वतः रंगवत होते. त्यांच्या ‘कल्याण खजिना’चं १९२४ चं पोस्टर टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या भारतीय पोस्टरांपैकी एक मानलं जातं. प्रभातचं नाव काढलं की आपण दिग्दर्शक आणि नट आठवतो. पण त्यांचे सिनेमे देशभर पोचवण्याचं काम फेमस पिक्चर्सच्या बाबूराव पै यांनी केलं, हे सहसा कुणी सांगत नाही.

‘मोठं नाव असलं की गर्दी होतेच’

याचा सगळ्यांत कडू अनुभव सांगलीशीच नातं असलेल्या दोन कलावंतांना आला.

बालगंधर्व पलूसजवळच्या नागठाण्याचे. १९३५ साली प्रभातने त्यांच्याशी भागीदारी करून ‘धर्मात्मा’ काढला, व्ही. शांताराम दिग्दर्शक. सिनेमाचं नाव आधी ‘महात्मा’ होतं. ते गांधीजींकडे बोट दाखवतं म्हणून सेन्सॉरने बदलायला लावलं. मुळात सहा चित्रपटांचा बेत होता, पण ही भागीदारी पहिल्याच चित्रपटानंतर संपली. कारण शोधायला लांब जायला नको. महाराष्ट्राच्या मनात बालगंधर्व म्हणजे भामिनी, सिंधू, रुक्मिणी. तो शालू, ती लाडिक मान. पडद्यावर दिसले ते संत एकनाथ. बालगंधर्व हे नाव ऐकून आलेल्या प्रेक्षकाला जे हवं होतं, ते त्या चित्रपटात नव्हतंच. पुरुष म्हणून उभे राहिलेले गंधर्व बघायला प्रेक्षकाचं मन आधी तयार करावं लागलं असतं.

दुसरे मास्टर दीनानाथ. बलवंत संगीत मंडळी सांगलीत सिनेमात उतरली आणि १९३४ मध्ये ‘कृष्णार्जुन युद्ध’ काढला. विश्राम बेडेकर आणि चिंतामणराव कोल्हटकर दिग्दर्शक, दीनानाथ स्वतः पडद्यावर. त्या आवाजापुढे रंगभूमीवर पुण्या-मुंबईचे रसिक झुलत होते. सिनेमा पडला, कंपनी कर्जात बुडाली आणि मंगेशकरांच्या घरावर वाईट दिवस आले. नाटकाच्या तिकीटखिडकीवर चालणारं नाव सिनेमाच्या खिडकीवर तसंच चालेल, हे गृहीत किती महाग पडू शकतं, ते सांगलीने नव्वद वर्षांपूर्वीच पाहिलं आहे.

‘दम असेल तर सिनेमा आपोआप चालतो’

ही समजूत मला सगळ्यांत जास्त टोचते, कारण ती चांगली माणसं मनापासून बाळगतात. पुरावा म्हणून ‘सांगत्ये ऐका’चं नाव निघतं. अनंत माने यांचा १९५९ चा हा सिनेमा पुण्यात विजयानंदला १३१ आठवडे चालला. लेखन व्यंकटेश माडगूळकरांचं, गीतं ग. दि. माडगूळकरांची, दोघेही आटपाडीकडचे. साताऱ्याला जाताना सांडलेल्या बुगडीचं गाणं गायलं सांगलीत जन्मलेल्या आशा भोसल्यांनी. माल अस्सल होता यात वादच नाही. पण ते गाणं रेडिओवर वाजत होतं, तबकड्यांवर वाजत होतं. सिनेमा न पाहिलेल्या माणसालाही तो कुठल्या जातीचा आहे हे त्या एका गाण्यातून कळत होतं. बातमी दारोदार पोचत होती, फक्त तिचा खर्च निर्मात्याच्या वहीत दिसत नव्हता.

आणि बातमी पोचली तरी पडदा लागतोच. १९७१ साली दादा कोंडक्यांच्या ‘सोंगाड्या’ला दादरचं कोहिनूर मिळेना, कारण मालकाला देव आनंदचा ‘तेरे मेरे सपने’ लावायचा होता. शिवसेना मध्ये पडली तेव्हा तो तिथे लागला आणि मग तुफान चालला. पहिला अडथळा पार झाला नसता तर ‘सोंगाड्या’त दम आहे हे कळलं कुणाला असतं?

पुरस्कारांचंही तेच. २००४ साली ‘श्वास’ला राष्ट्रपतींचं सुवर्णकमळ मिळालं, भारतातर्फे ऑस्करला पाठवणी झाली, आणि तिथे परीक्षकांना सिनेमा दाखवायला, त्याची दखल घ्यायला लावायला जो पैसा लागतो तो निर्मात्यांकडे नव्हता. लोकवर्गणी काढावी लागली. साताऱ्यापुरतं बोलायचं तर माण तालुक्यातल्या पळशीच्या धावपटू मुलीची गोष्ट सांगणारा ‘पळशीची पीटी’. राज्य सरकारने २०१८ मध्ये कानच्या फिल्म बाजारासाठी निवडलेल्या तीन मराठी सिनेमांत तो होता. ‘कानला गेला’ म्हटलं की लोकांना वाटतं स्पर्धेत उतरला. कानला महोत्सव वेगळा आणि त्याला लागून भरणारा बाजार वेगळा. बाजारात सिनेमा विकायला मांडतात. आणि तिथून गावातल्या पडद्यापर्यंतचा रस्ता पुन्हा वेगळा: ‘पळशीची पीटी’ आपल्याकडे चित्रपटगृहांत यायला ऑगस्ट २०१९ उजाडलं.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जाहिरातीने वाईट सिनेमा वाचत नाही. जाहिरात शुक्रवार-शनिवार भरून देते. सोमवारी दुपारच्या खेळाला कोण येतं, ते आधी पाहून गेलेल्यांच्या तोंडावर अवलंबून असतं.

‘गाणं व्हायरल झालं, आता काळजी नाही’

केदार शिंदे यांचे दोन सिनेमे २०२३ मध्ये दोन महिन्यांच्या अंतराने आले. २८ एप्रिलला ‘महाराष्ट्र शाहीर’, वाईजवळच्या पसरणीत जन्मलेल्या शाहीर साबळ्यांची जीवनकथा. त्यातल्या अजय-अतुल यांच्या मधुमासाच्या गाण्यावर पोरासोरांपासून आजीपर्यंत सगळ्यांनी रील्स केली. ३० जूनला आला ‘बाईपण भारी देवा’. त्याने ७५ कोटींच्या वर मजल मारली, ‘शाहीर’चा गल्ला त्याच्या आसपासही नव्हता. रील करणाऱ्याला गाणं फुकट मिळालेलं असतं. त्यात नाचून त्याची हौस भागते, तिकीट काढायचं कारण त्याला वेगळं द्यावं लागतं. ‘बाईपण’ने ते दिलं. भिशीतल्या बायका, महिला मंडळं, शाळेतल्या जुन्या मैत्रिणी ठरवून, नटूनथटून, एकमेकींना ओढत आल्या. एकीने तिकीट काढलं की दहा खुर्च्या भरायच्या. १९९१ ला ‘माहेरची साडी’साठी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून बायका तालुक्याला यायच्या, त्याचीच ही नवी आवृत्ती.

गाणं आणि सिनेमा दोन्ही एका दिशेने ओढतात तेव्हा काय होतं ते ‘सैराट’ने दाखवलं. २९ एप्रिल २०१६ ला, उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर तो आला. कोरेगाव तालुक्यातल्या रहिमतपूरला मध्यरात्री बारा आणि पहाटे तीनचे खेळ लावावे लागले. शंभर कोटी ओलांडणारा तो पहिला मराठी सिनेमा.

‘मार्केटिंग म्हणजे होर्डिंग आणि टीव्हीवरची हजेरी’

काही वर्षं अशी होती की ‘चला हवा येऊ द्या’च्या मंचावर कलाकार बसले की प्रसिद्धी झाली, असं निर्मात्यांना वाटायचं. नाव पोचायचं खरं. पण शुक्रवारी सकाळी कऱ्हाडच्या माणसाने मोबाइल उघडला आणि त्याच्या गावात एकच खेळ, तोही दुपारी साडेबाराचा दिसला, तर त्या नावाचं तो काय करणार? दुकान सोडून येणार, की शाळा बुडवून? खेळ किती, कुठे, किती वाजता, याची वितरकाशी आणि थिएटरवाल्याशी होणारी घासाघीस हे मार्केटिंगचं सर्वांत मोलाचं काम. पोस्टरवर ते दिसत नाही.

तारखेचंही गणित आहे आणि ते मुंबईच्या ऑफिसातल्या कॅलेंडरवर सापडत नाही. वाळवा, कऱ्हाड, पलूसकडे दिवाळीनंतर ऊसतोड लागली की फडापासून कारखान्यापर्यंत माणूस अडकलेला असतो. जावळी-पाटणची कितीतरी घरं मुंबईत माथाडीवर गेलेली. ती मंडळी यात्रेला आणि मे महिन्यात गावी येतात, तेव्हाच घरात पोरंबाळं, पाहुणे आणि हातात चार पैसे असतात. सांगली-सातारा या दोन जिल्ह्यांत सिनेमा चालवायचा तर गावोगावच्या यात्रांच्या तारखा आणि आठवडी बाजाराचे वार माहीत असलेला माणूस टीममध्ये हवा.

वाई-मेणवलीत ‘स्वदेस’पासून ‘दबंग’पर्यंत इतकं शूटिंग झालं की इथल्या पोरांना क्लॅप, क्रेन, व्हॅनिटी सगळं पाठ आहे. सिनेमा विकण्याचं काम शिकलेली पोरं मात्र इथे क्वचितच भेटतात, आणि रोजगार त्यातही आहे.

‘अमुक कोटी कमावले म्हणजे निर्माता मालामाल’

गल्ल्याचा आकडा हीसुद्धा जाहिरातच असते, म्हणून ती वाचायला शिकलं पाहिजे. समजा मल्टिप्लेक्सचं तिकीट १७७ रुपयांना आहे. त्यातले २७ रुपये जीएसटीचे, कारण शंभरावरच्या तिकिटाला १८ टक्के कर लागतो. उरले दीडशे. निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात २००९ च्या संपानंतर ठरलेल्या सूत्राप्रमाणे पहिल्या आठवड्यात यातला निम्मा वाटा, म्हणजे ७५ रुपये, वितरकाकडे येतो. दुसऱ्या आठवड्यात साडेबेचाळीस टक्के, तिसऱ्यात साडेसदतीस, पुढे तीस. त्यातून वितरकाचं कमिशन जातं, डिजिटल प्रोजेक्शनची फी जाते आणि प्रसिद्धीचा खर्च वळता होतो. मग उरेल ते निर्मात्याचं.

हा उतरता वाटा पाहिला की ‘हळूहळू लोकांना कळेल, मग येतील’ हे धोरण किती महागडं आहे ते कळतं. उशिरा आलेल्या प्रत्येक प्रेक्षकामागे निर्मात्याच्या हाती कमी पैसे पडतात, आणि तोवर पडदाही दुसऱ्या सिनेमाला दिलेला असतो. तरीही बहुतेक लहान मराठी सिनेमांत प्रसिद्धीसाठी ठेवलेली रक्कम शूटिंगचे दिवस वाढले की पहिल्यांदा कापली जाते. सरकारी अनुदानावर भिस्त ठेवावी तर ते सिनेमा पूर्ण होऊन समितीने परीक्षण केल्यावर मिळतं, प्रदर्शनाच्या आठवड्यात हातात नसतं. पटकथा लिहून झाली त्या दिवशीच, हा सिनेमा कोण बघणार आणि त्याच्यापर्यंत कसं जायचं, याचा कागद तयार करून त्याचे पैसे वेगळ्या खात्यात टाकायला हवेत. सांगली-साताऱ्यातून सिनेमा करू पाहणारी जी नवी मुलं कॅमेऱ्याच्या भाड्याचा हिशेब तोंडपाठ सांगतात, त्यांनी आपल्या जिल्ह्यात किती पडदे आहेत, त्यांची आसनं किती आणि सोमवार ते गुरुवार तिथे काय चालतं, हेही तितक्याच आस्थेने शोधून काढावं.