हात लावून पाहावं असं बेट

‘मिस्ट’ हा गेम सप्टेंबर 1993मध्ये बाजारात आला, तेव्हा खोक्यात सीडीबरोबर एक कोरी वहीही होती. खेळता खेळता लिहायचं, अशी अपेक्षा होती. कुठल्या भिंतीवर कोणती खूण दिसली, कोणत्या यंत्रातून कोणता सूर आला, कळ कोणत्या बाजूला होती, सगळं टिपून ठेवायचं. समोर एक निर्मनुष्य बेट, त्यावर कुणीतरी सोडून गेलेली यंत्रं, एक ग्रंथालय आणि त्यातली बरीचशी जळालेली पुस्तकं. गोळ्या झाडायच्या नाहीत की घड्याळाशी शर्यत करायची नाही. पाहायचं, ऐकायचं आणि अर्थ लावायचा. अशा संथ गेमच्या 60 लाखांहून अधिक प्रती खपल्या. 2002मध्ये ‘द सिम्स’ने मागे टाकेपर्यंत सर्वाधिक खपाचा कॉम्प्युटर गेम हाच होता.

रँड आणि रॉबिन मिलर या दोन भावांनी तो केला. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात स्पोकेन शहराजवळ त्यांची ‘सायन’ ही छोटी कंपनी होती, आणि ती आजही तिथेच आहे. याच कंपनीने डिसेंबर 2020मध्ये ‘मिस्ट’ आभासी वास्तवासाठी, म्हणजे व्हीआर हेडसेटसाठी, पुन्हा पहिल्यापासून घडवला आणि जून 2024मध्ये त्याचा पुढचा भाग ‘रिव्हन’ही. आपणच बांधलेलं घर सत्तावीस वर्षांनी पाडून त्याच जोत्यावर नवं उभारायचं, असं हे काम. काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हा प्रश्न त्यात पावलोपावली येतो. मला या कामात सर्वात जास्त रस आहे तो याच प्रश्नामुळे.

मूळ ‘मिस्ट’ मॅकिंटॉशवरच्या हायपरकार्ड या सॉफ्टवेअरमध्ये बांधला होता. नावाप्रमाणे तो पत्त्यांचा गठ्ठा. एका पत्त्यावर एक चित्र. क्लिक केलं की पुढचा पत्ता. अशी सुमारे 2,500 स्थिर चित्रं होती. एकेक चित्र तयार करायला त्या काळच्या यंत्रांना तासन् तास लागत, पण एकदा तयार झालं की ते फक्त दाखवायचं. आवाजाच्या बाबतीत तर निव्वळ घरगुती हुशारी होती. बॉयलरमधल्या आगीसाठी खऱ्या आगीचं ध्वनिमुद्रण काही जमेना. शेवटी खडी टाकलेल्या रस्त्यावरून गाडी सावकाश चालवली आणि चाकांखालच्या खडीचा आवाज आग म्हणून वापरला. ऐकणाऱ्याला ती आगच वाटली.

व्हीआरमध्ये हा सगळा हिशेब उलटा होतो. साध्या क्वेस्ट हेडसेटमध्येही चित्र सेकंदाला किमान 72 वेळा नव्याने काढावं लागतं, तेही दोन्ही डोळ्यांसाठी वेगळं. पूर्वी ज्या कामाला तास लागत, त्याला आता जेमतेम 14 मिलिसेकंद मिळतात. शिवाय हेडसेटमधला प्रोसेसर मोबाइलच्या जातीचा. त्यामुळे प्रत्येक पान, प्रत्येक सावली, पाण्याची प्रत्येक चमक काटकसरीने वापरावी लागते.

तांत्रिक अडचणीपेक्षा मला दुसरी अडचण मोठी वाटते. स्थिर चित्रात खेळाडूने कुठे पाहायचं ते चित्रकार ठरवतो. चौकटीच्या कोपऱ्यात एक बटण ठेवलं की ते आज ना उद्या दिसणारच. हेडसेट घातलेला माणूस मात्र कुठेही पाहतो. खाली वाकतो, टेबलाखाली डोकावतो, महत्त्वाच्या यंत्राकडे पाठ फिरवून समुद्र न्याहाळत बसतो. मग त्याची नजर वळवायची ती उजेडाने, आवाजाच्या दिशेने, वाटेच्या वळणाने. बदल्यात आकारमानाची जाणीव मात्र खरी मिळते. मिस्ट बेटाच्या टेकडीवर प्रचंड दातेरी चाकं आहेत. पडद्यावर ती काही इंचांची होती. आता त्यांच्यापाशी उभं राहिलं की मान वर करावी लागते.

चालण्याचा प्रश्न त्याहून अवघड. डोळे सांगतात आपण पुढे चाललोय, कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय सांगतं आपण जागेवरच आहोत. या भांडणातून अनेकांना मळमळतं. घाटात पुस्तक वाचणाऱ्याला होतं तसंच, फक्त कारण उलटं: तिथे शरीर हलतं आणि डोळे पुस्तकावर स्थिर असतात. यावरचा प्रचलित उपाय म्हणजे सरळ चालायचंच नाही. हातातल्या कंट्रोलरने पुढची जागा दाखवायची आणि तिथे एकदम प्रकट व्हायचं. वळायचं तेही टप्प्याटप्प्याने, झटक्यासरशी. गंमत म्हणजे जुना ‘मिस्ट’ नेमका असाच चालायचा! एका पत्त्यावरून दुसऱ्यावर उडी, मधलं चालणं गाळलेलं. 1993मध्ये जी यंत्राची मर्यादा होती, तीच आता माणसाच्या शरीराची गरज म्हणून परत आली आहे. म्हणूनच हा गेम व्हीआरला इतका मानवला, असं माझं मत आहे. धावपळीच्या गेमला हे सुख नाही.

आणि मग हात. माउसच्या एका क्लिकमध्ये दार उघडणं, चाक फिरवणं, पान उलटणं सगळं सारखंच होतं. आता दांडा पकडून ओढावा लागतो, झडप गोल फिरवावी लागते. याचं मोल कळायला ‘रिव्हन’मधली शाळा आठवावी. तिथल्या वर्गात लाकडाचं एक खेळणं आहे. ते फिरवलं की एक आकडा दिसतो आणि वर टांगलेली माणसाची छोटी बाहुली तेवढे टप्पे खाली येते. खाली व्हेलसारखा एक जलचर तोंड उघडून बसलेला. खेळाडू दोन-चार वेळा फिरवून टप्पे मोजतो आणि त्या अनोळखी संस्कृतीचे अंक शिकतो. एकाची खूण काटकोनात फिरवली की पाच होते, दोनाची फिरवली की दहा. पण तेवढ्यात दुसरंही काही लक्षात येतं. या बेटांवर गेन नावाचा हुकूमशहा राज्य करतो आणि त्याच्या शाळेत मुलांना अंकांबरोबर भीतीही शिकवली जाते. एकही वाक्य न उच्चारता खेळण्याने हे सांगितलेलं असतं. अशी वस्तू हाताने फिरवून पाहता येणं, हे मी व्हीआरचं खरं देणं मानतो. निसर्गदृश्यं त्यानंतर.

वहीचं काय? डोळ्यांवर हेडसेट चढवला की कागद दिसत नाही. नव्या ‘रिव्हन’मध्ये समोरच्या दृश्याचं छायाचित्र टिपून ते खेळातच पुन्हा पाहण्याची सोय आहे. सोय चांगली, पण हाताने चितारलेली खूण जशी डोक्यात बसते तशी छायाचित्राने बसत नाही. मला विचाराल तर अधूनमधून हेडसेट उतरवावा आणि लिहावं. डोळ्यांनाही विसावा मिळतो.

उत्तरं पाठ असलेल्या जुन्या खेळाडूंसाठी नव्या ‘मिस्ट’मध्ये कोड्यांची उत्तरं दर वेळी बदलण्याचा पर्याय दिला आहे. ‘रिव्हन’मध्ये सायन त्याहून पुढे गेली आणि कित्येक कोडी नव्याने बेतली. काही चाहते हळहळले. मला निर्णय योग्य वाटतो. ज्या कोड्याचं उत्तर माहीत आहे, त्यापुढे उभं राहणं म्हणजे नुसता नमस्कार करून परतणं.

सायनखेरीज इतरांनीही ही वाट धरली आहे. ‘कोलोसल केव्ह’चं उदाहरण सर्वात धाडसी, कारण मूळ गेममध्ये एकही चित्र नव्हतं. विल क्राउदर या प्रोग्रामरने केंटकीतल्या मॅमथ केव्हमध्ये स्वतः गुहाभ्रमण केलं होतं. त्या अनुभवावरून 1976च्या सुमारास त्याने आपल्या मुलींसाठी निव्वळ शब्दांचा हा गेम लिहिला. पुढे स्टॅनफर्डच्या डॉन वूड्सने तो वाढवला. 2023मध्ये केन आणि रॉबर्टा विल्यम्स या दांपत्याने तो व्हीआरमध्ये आणला. हाच गेम खेळून झपाटलेल्या या दोघांनी पुढे सिएरा ही कंपनी उभारली होती, त्यामुळे हे ऋण फेडणंच म्हणायचं. तरीही शब्दांतला अंधार दाखवून टाकला की लहान होतो. ज्याने त्याने मनात उभी केलेली गुहा प्रत्यक्ष गुहेपेक्षा खोल होती.

‘द सेव्हन्थ गेस्ट’ हा 1993चाच भुताळी वाड्याचा गेम. त्यात खरे नट पडद्यावर अर्धपारदर्शक भुतं होऊन वावरत. सपाट चित्रफीत व्हीआरमध्ये पुठ्ठ्यासारखी दिसते, म्हणून 2023च्या नव्या आवृत्तीत नटांचं चारही बाजूंनी कॅमेरे लावून त्रिमित चित्रीकरण केलं. भुताभोवती फेरी मारून त्याची पाठही पाहता येते.

सायनसमोरही नटांचा हाच पेच होता, पण तिथे वेगळा मार्ग निघाला. ‘रिव्हन’मधल्या पात्रांची त्रिमित शरीरं नव्याने घडवली, त्यांच्या हालचाली नव्याने टिपल्या, आवाज मात्र 1997च्या मूळ ‘रिव्हन’मधलेच ठेवले. गेनची भूमिका मूळ गेममध्ये जॉन केस्टन यांनी केली होती. केस्टन 2022मध्ये वारले. नव्या ‘रिव्हन’मध्ये गेन हातभर अंतरावर उभा राहून बोलू लागतो, तेव्हा कानावर येतो तो त्यांचाच आवाज.