गेट बंद, पगार बंद

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही ताडोब्याला जाऊन आलो. मी, पत्नी, आठवीतली मुलगी आणि सत्तरी ओलांडलेली माझी माय. नागपूरहून निघालो, वाटेत चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर थांबलो. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर अवघ्या दोन दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी इथे आपल्या लोकांना दीक्षा दिली. तिथे वंदन करून मोहर्लीचा रस्ता धरला. जंगलाला लागून असलेल्या एका रिसॉर्टमध्ये दोन रात्रींसाठी खोल्या घेतल्या होत्या.

पैसे मोजून विश्रांती घ्यायला निघालेली आमच्या घराण्यातली ही पहिली पिढी. मायला हे काही केल्या पटत नव्हते. गाडीतून उतरल्या उतरल्या ती म्हणाली, "आमाले याच जंगलातून काडी आणताना शिपाई पकडे. अन् आता तू पैसे भरून आणलं का मले?"

तिचे बालपण या जंगलाच्या काठावर गेले. उन्हाळ्यात मोहफुले वेचायची, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायचा. पहाटे अंधारात निघायचे, उन्हाच्या आत पाने आणायची, घरी बसून पुडे बांधायचे आणि सायंकाळी फळीवर नेऊन द्यायचे. एका पुड्यात सत्तर पाने. माय शाळेत गेली नाही, पण सत्तरपर्यंत तिचा हिशेब कधी चुकला नाही. चुकून परवडणारच नव्हते. एकोणसत्तर पानांचा पुडा फळीवरचा मुन्शी बाजूला टाकायचा.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली तर मायने अंथरुणे घडी करून ठेवली होती, खोली झाडून काढली होती आणि रात्रीचे कप विसळत बसली होती. तेवढ्यात चहा घेऊन पोरगा आला. वीस-बावीस वर्षांचा, इस्त्रीच्या गणवेशातला. तो घाबरलाच. "माय, ठेव ना ते. साहेबानं पाह्यलं त मले बोलतीन." आयुष्यभर दुसऱ्याची उष्टी काढलेल्या बाईला कुणी आपले काम करून देते, हे सोसवत नव्हते. आणि तिने काम केले तर त्या पोराची नोकरी जाणार होती. शेवटी तो कप पुसत राहिला आणि माय त्याला विचारत राहिली. गाव कोणते? जवळचेच, बफरमधले. शिक्षण? बारावी. घरी कोण? आई. ती उन्हाळ्यात पत्ता तोडते.

"बापू, तुले सुट्टी कवा भेटते?"

"पावसाळ्यात भेटते नं माय. गेट बंद झालं का तीन महिने सुट्टी."

"अन् पगार?"

"गेट बंद त पगार बंद."

तो हसत म्हणाला. मला मात्र चहा गोड लागला नाही. कारण मी ज्या रजेवर तिथे आलो होतो ती पगारी रजा होती. मी खोलीत झोपलो होतो तरी माझा पगार चालू होता.

ही पगारी रजा आभाळातून पडलेली नाही. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९४५ साली, कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांतील कामगारांना पगारी सुट्टी मिळाली. १९४६ साली कामाचा आठवडा ४८ तासांवर आला. 'साहेब' लोकांची चैन समजली जाणारी विश्रांती कामगाराचा हक्क झाली. आपल्यातले अनेक जण आज सुट्टीचा अर्ज खरडतात तेव्हा त्यांना हे आठवत नाही. आपण कॅलेंडरवर लाल तारखा मोजतो, पण त्यांच्यामागचा माणूस विसरतो.

सहलीची किंमत बाबासाहेबांना चांगली ठाऊक होती. १९३४ साली चळवळीतल्या सुमारे तीस सहकाऱ्यांसोबत ते वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत त्रास नको म्हणून ओळख लपवून प्रवास करायचे ठरले होते. दौलताबादच्या किल्ल्याशी धुळीने माखलेल्या मंडळींनी टाक्याच्या कडेला हातपाय धुतले आणि पाणी बाटवले म्हणून शिवीगाळ सुरू झाली. अखेर आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, पहाऱ्यात, त्यांना किल्ला पाहू दिला. उच्चविद्याविभूषित बॅरिस्टरची सहल ही अशी! आज माझ्या मुलीला रिसॉर्टच्या काउंटरवर कुणी पाण्यासाठी अडवले नाही. हा बदल छोटा नाही. पण तो आपल्यापाशी येऊन थांबला तर काय उपयोग?

सकाळी जिप्सीतून आत गेलो. साग, ऐन, बांबू. वाघ दिसला नाही. मुलगी हिरमुसली. मायला मात्र प्रत्येक झाड ओळखीचे. तेंदूचे झाड दिसले की ती गाईडला नाव सांगायची. गाईडही जवळच्याच गावचा. तळ्याच्या काठी आल्यावर त्याने तारूची कथा सांगितली. तारू हा इथला गावप्रमुख, वाघाशी झुंजताना मेला. आदिवासींनी त्याला देव मानले आणि त्याच्याच नावावरून ताडोबा. म्हणजे ज्या जंगलाला माणसाचे नाव आहे त्या जंगलातून माणसे उठवली गेली. नवेगाव, जामणी, बोटेझरी ही गावे व्याघ्र प्रकल्पासाठी बाहेर हलवली. वाघ जगलाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच्या नावाने उठवलेल्यांच्या मुलांनी त्याच जंगलाच्या दारात गणवेश घालून कप उचलायचे, आणि दार बंद झाले की घरी बसायचे, हा कोणता न्याय?

घरी बसायचे म्हणजे तरी काय? पुन्हा जंगल. आणि जंगलात वाघ. १० मे २०२५ रोजी याच जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायांचा एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाला. पर्यटक वाघ दिसावा म्हणून पैसे देतो. पत्ता तोडणारी बाई तो दिसू नये म्हणून जीव मुठीत धरते.

आता कायद्याकडे पाहू. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने आठवड्यातून एक दिवस सुट्टी दिली आणि वर्षात २४० दिवस काम केल्यास दर २० दिवसांमागे एक पगारी रजा दिली. कोअरचे गेट १ ऑक्टोबरला उघडते आणि ३० जूनला बंद होते. हे झाले २७३ दिवस. आठवड्याच्या ३९ सुट्ट्या वजा करा. उरले २३४. सहा दिवस कमी! मायच्या एकोणसत्तर पानांच्या पुड्यासारखेच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या नव्या कामगार संहितेत पगारी रजेची अट १८० दिवसांवर आली आहे. म्हणजे कागदावर तो पोरगा बसतो. पण त्यासाठी त्याचे नाव हजेरीपत्रकावर हवे, नेमणुकीचा कागद हातात हवा. मी विचारले, तेव्हा कळले की त्याच्याकडे असा एकही कागद नाही.

निघताना मी त्याच्या हातावर पाचशेची नोट ठेवली आणि स्वतःवर खूष झालो. नंतर लाज वाटली. बक्षिसी हा हक्क नव्हे. ती देणाऱ्याच्या मर्जीवर असते आणि मर्जीवर जगायचे नाही, हेच तर आपल्याला शिकवले गेले.

आपली माणसे आता सहलीला जातात. जरूर जावे. मुलांना जंगल दाखवावे, म्हाताऱ्या मायबापांना दोन दिवस आयते खाऊ घालावे. पण खोली ठरवताना जसे आपण गरम पाणी आहे का विचारतो, तसे हेही विचारावे: इथल्या कामगारांना नेमणूकपत्र आहे का? आठवड्याची सुट्टी मिळते का? पावसाळ्यात त्यांच्या चुलीचे काय? दहा गिऱ्हाइकांनी विचारले तर मालकाला उत्तर शोधावे लागेल. आणि चंद्रपूर, भद्रावती, चिमूरच्या आपल्या कार्यकर्त्यांनी या पोरांची नावे एका वहीत लिहून कामगार कार्यालयात नेली तर सुरुवात तिथूनच होईल.

परतीच्या गाडीत माय बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या पोराचे सहा दिवस कोणी खाल्ले, ते पाह्यजो."