हसणाऱ्या पाट्यांची गोष्ट

ट्रकच्या मागे काय लिहिलंय हे आपण सगळेच वाचतो. सिग्नलला अडकल्यावर दुसरं करणार तरी काय? 'हॉर्न ओके प्लीज'वर महाराष्ट्रात २०१५ मध्ये बंदी आली, शेरोशायरी मात्र जोरात आहे. पण त्या शायरीच्या जरा खाली, चाकांच्या आतल्या बाजूला कधी डोकावलंय? तिथे पोलादी पट्ट्यांची चवड दिसेल. सगळ्यात लांब पट्टी वर, तिच्याखाली आखूड, मग आणखी आखूड. दोन्ही टोकं वर गेलेली, हसऱ्या ओठांसारखी. हेच कमानपाटे. कळमन्याची संत्री, तुमच्या फ्लॅटचं सिमेंट, सेलमध्ये मागवलेला मायक्रोवेव्ह, सगळं या हसण्यावर बसून येतं. आणि हसू मावळलं, की गाडी वाडीला येते.

वाडी म्हणजे अमरावती रोडवरचं आपलं ट्रकवाल्यांचं गाव. श्रीनगर-कन्याकुमारी आणि हाजिरा-पारादीप हे दोन हायवे नागपुरात भेटतात. (नवे नंबर ४४ आणि ५३. पण अस्सल नागपूरकर अजून सात आणि सहाच म्हणतो.) त्यामुळे देशभरचे दुखावलेले ट्रक इथे उपचाराला येतात.

मी तिथे कशाला गेले? तर ऑफिसातल्या एका मित्रानं सेकंडहँड बोलेरो घेतलीय. तिलाही मागे कमानपाटेच असतात. गाडी मागून बसली होती आणि साहेबांना ती नुसती दुरुस्त नाही, चांगली उंच करून हवी होती. लुक, यू नो! पण मिस्त्रींनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आमच्या आधी एक ट्रक होता. मागचा भाग जॅकवर, खाली जाडजूड लाकडी ठोकळे, चाकं काढलेली.

मेन पाटा तुटला होता. सगळ्यात वरचा हा पाटा टोकांना गोल वळवलेला असतो आणि तिथूनच पिनेनं चेसिसला जोडलेला असतो. बाकीचे पाटे वजन वाटून घेतात, पण अॅक्सल जागेवर धरायचं मुख्य काम याचं. हायवेवर एखादा ट्रक खेकड्यासारखा तिरका चाललेला बघितलाय ना? अनेकदा सेंटर बोल्ट तुटून त्याचा अॅक्सल सरकलेला असतो. अशा गाडीला ओव्हरटेक करताना जरा जपून.

मिस्त्रींनी तुटलेला तुकडा माझ्या हातात दिला. बाप रे, काय वजन! पाटा सेंटर बोल्टच्या भोकापाशी तुटला होता. तुटलेली कड अर्धी गंजून काळपट, अर्धी नवी चकचकीत.

"हे काळं दिसते ना ताई, तेवढी चीर जुनी हाय. कवाची पडली असन. बाकीचं काल तुटलं."

म्हणजे हा माणूस किती दिवस अर्ध्या तुटलेल्या पाट्यावर लोड ओढत होता! वेल्डिंग का नाही करत, असं मी विचारलं. मिस्त्री हसले. स्प्रिंगचं पोलाद आधी कडक करून मग बेतानं नरम केलेलं असतं, त्यातूनच त्याची लवचीकता येते. वेल्डिंगच्या आचेनं ती जाते आणि जोडाशेजारी पाटा पुन्हा तुटतो. सपाट झालेला पाटा गॅसनं लाल करून वाकवला तर तेच. नुसता दिसायला कमानदार, लोड पडला की परत सपाट. म्हणून इथे थंड पाट्यावर घणानं ठोकून ठोकून बाक आणतात. तासभर तो ठणठणाट ऐकल्यावर मला जिमची फी वाया जातेय असं वाटायला लागलं.

खरी वादावादी नंतर झाली. ट्रकचा मालक आणि ड्रायव्हर एकच होता. गाडीचा हप्ता चालू, म्हणजे उभ्या गाडीचा प्रत्येक दिवस खिशातून. तो म्हणाला, "भाऊ, दोन पाटे जास्तीचे टाकून दे. मांगून बसूनच राह्यली."

"टाकतो ना. मंग ब्रेक कोन लावन?"

मला कळेना, पाट्याचा आणि ब्रेकचा काय संबंध? आहे, आणि चांगलाच आहे. बऱ्याच ट्रकना मागच्या अॅक्सलपासून चेसिसपर्यंत एक दांडी असते, वर तिला जोडलेला व्हॉल्व्ह. माल भरला की चेसिस खाली येते, अंतर कमी होतं, व्हॉल्व्हला लोड समजतो आणि तो मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. जास्तीचे पाटे टाकून गाडी उचलून धरली, तर ब्रेकला वाटतं गाडी रिकामी आहे. व्हॉल्व्हची सेटिंग कुणी बदलत नाही. वीस टनांचं धूड उतारावर आणि मागचे ब्रेक अर्ध्या झोपेत! शिवाय अॅक्सल, टायर, बेअरिंग यांची ताकद तेवढीच राहते. पाटे वाढले म्हणून वजन काही कमी होत नाही, फक्त दिसेनासं होतं.

ओव्हरलोडिंगवर सुप्रीम कोर्टानं २००५ मध्येच ताशेरे ओढले होते. २०१८ मध्ये सरकारनं मर्यादाच वाढवली, चार टायरच्या सिंगल अॅक्सलला १०.२ टनांऐवजी ११.५ टन. २०१९ पासून दंड २० हजार, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. तरीही लोक भरतातच. मला यात एकट्या ड्रायव्हरला दोषी धरवत नाही. भाडं टनावर ठरत असेल आणि डिझेल, टोल, हप्ता चुकत नसेल, तर माणूस पाटेच वाढवणार. गाडी भरून देणाऱ्याला मात्र वाडीपर्यंत यावंच लागत नाही.

दोघांचं बरंच वाजलं. चहा आला, गेला. शेवटी मिस्त्रींनी कंपनीचे जेवढे तेवढेच पाटे बसवले, पण दोन्ही बाजूंचे मेन पाटे बदलले. एकच नवा टाकला तर गाडी एका अंगाला झुकते. यू-बोल्टही नवे, कारण एकदा ताणलेले परत नीट पकडत नाहीत.

मग आमचा नंबर. बोलेरोचे बुश संपले होते, पाटे सपाट. लांब शॅकल लावली तर? दोन इंच लांब शॅकलनं मागचा भाग जेमतेम एक इंच वर येतो, आणि प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडून गाडी थरथरायला लागते. ठोकळ्यावर ठोकळा ठेवून उचलायला मिस्त्रींनी सरळ नाही म्हटलं. नवे बुश आणि मूळ बाकाचे पाटे पडल्यावर बोलेरो आपोआप दोन बोटं वर आली. साहेबांचा चेहरा जरा पडला, पण त्यांनी मोबाइलवर फोटो काढलाच.

तोवर ट्रक चाकांवर उभा होता. मिस्त्री मालकाला बजावत होते, "लोड भरून एक चक्कर मार अन् परत ये. नट कसा लागते."

"येतात का लोक परत?" मी विचारलं.

"दहातले दोन."

ट्रकवाला ऐकत नव्हताच. तो फोनवर कुणाला तरी सांगत होता, "शेठ, या खेपेले दोन टन कमी भरा. हो, भाडं कापा मंग, काय करता."